स्थानिक वृत्तउद्योजकता प्रशिक्षण

स्थानिक वृत्तउद्योजकता प्रशिक्षण म्हणजे शहर, तालुका किंवा जिल्हा एवढ्या मर्यादित क्षेत्राच्या बातम्या देणाऱ्या संस्थांच्या चालकांना त्या संस्थेचा खर्च, उत्पन्न, वाचकवर्ग आणि कायदेशीर रचना यांचे व्यवस्थापन शिकवणारे प्रशिक्षण होय. पत्रकारितेच्या प्रचलित अभ्यासक्रमांत वार्तांकन, संपादन आणि माध्यमांचा इतिहास यांवर भर असतो. या प्रशिक्षणाचा मुख्य विषय मात्र वृत्तसंस्था आर्थिकदृष्ट्या कशी टिकेल हा असतो. ज्यांच्या कारभाराविषयी बातमी द्यायची, त्यांच्याच जाहिरातींवर संस्था जगू नये, यासाठी उत्पन्नाचे अनेक स्वतंत्र स्रोत उभे करणे हे त्याचे प्रमुख उद्दिष्ट मानले जाते.

अशा प्रशिक्षणाला साधारणपणे २०१० नंतर अमेरिकेत संस्थात्मक रूप मिळाले आणि पुढील दशकात ते भारतात आले. महाराष्ट्रात मोठ्या महानगराच्या छायेत वाढलेल्या शहरांना त्याची गरज विशेषत्वाने जाणवते. ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही सलग वसलेली तीन शहरे त्याचे ठळक उदाहरण आहेत.

पार्श्वभूमी

मराठी वृत्तपत्रांचा इतिहास पाहिला असता आर्थिक अडचण ही त्यांच्या जन्मापासूनची सोबतीण असल्याचे दिसते. बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत सुरू केलेले 'दर्पण' हे पहिले मराठी वृत्तपत्र मानले जाते. मराठी आणि इंग्रजी असे दोन्ही भाषांतील मजकूर देणारे हे पत्र १८४० मध्ये बंद पडले. ठाणे येथून १८६६ मध्ये निघालेले 'अरुणोदय' हे मुंबईबाहेरील सुरुवातीच्या स्थानिक पत्रांपैकी एक होते. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या 'दीनबंधू'ला आर्थिक ओढाताण सोसावी लागली. १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते हाती घेऊन मुंबईहून चालवले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू झाले. त्यासाठी छत्रपती शाहू महाराजांनी २,५०० रुपयांचे साहाय्य केले होते. तरीही ते पाक्षिक १९२३ मध्ये बंद झाले. या पत्रांचा सामाजिक प्रभाव मोठा होता, परंतु तो प्रभाव आणि त्यांचे उत्पन्न यांचे प्रमाण कधीच जुळले नाही.

वृत्तपत्र हा स्वतंत्रपणे शिकण्याचा व्यवसाय आहे, या दृष्टीचे मराठीतील महत्त्वाचे उदाहरण म्हणजे नानासाहेब परुळेकर. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवलेल्या परुळेकरांनी तेथील वृत्तपत्रांची कार्यपद्धती जवळून पाहिली होती. १ जानेवारी १९३२ रोजी त्यांनी पुण्यात 'सकाळ' हे दैनिक सुरू केले. मतप्रचारापेक्षा बातमीला, आणि त्यातही पुणे शहर व जिल्ह्यातील दैनंदिन प्रश्नांना, त्यांनी प्राधान्य दिले. सामान्य वाचकाला रोज उपयोगी पडणारे पत्र त्याच्या आधारावर उभे राहू शकते, हे या प्रयोगाने दाखवून दिले.

याहून वेगळा मार्ग 'साधना' साप्ताहिकाचा आहे. साने गुरुजी यांनी १५ ऑगस्ट १९४८ रोजी सुरू केलेले हे साप्ताहिक पुढे विश्वस्त संस्थेमार्फत चालवले गेले आणि वर्गणीदार हा त्याचा महत्त्वाचा आधार राहिला. १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन'ने रूढ केलेली दिवाळी अंकाची परंपरा हाही मराठी नियतकालिकांच्या अर्थकारणाचा एक खास भाग होय. वर्षातून एकदा निघणाऱ्या या अंकाच्या जाहिरातींतून अनेक लहान साप्ताहिके वर्षभराच्या तुटीचा काही भाग भरून काढतात.

स्थानिक वृत्तसंस्थांची उत्पन्नसाधने

महाराष्ट्रातील लहान दैनिके आणि साप्ताहिके यांचे उत्पन्न प्रामुख्याने पुढील मार्गांनी येते.

शासकीय जाहिराती: माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाच्या शासनमान्य यादीवरील वृत्तपत्रांना शासकीय जाहिराती ठरावीक दराने मिळतात. नगरपालिका आणि महानगरपालिका यांच्या निविदा व सूचना हा त्यांचा स्थानिक पातळीवरील मोठा भाग असतो. देयके मिळण्यास विलंब झाल्यास लहान पत्राचा दैनंदिन खर्च अडतो.

राजकीय आणि शुभेच्छा जाहिराती: नेत्यांचे वाढदिवस, सण आणि निवडणुका या काळात अशा जाहिराती वाढतात व एरवी आटतात.

जाहीर नोटिसा आणि छोट्या जाहिराती: मालमत्तेच्या व्यवहारासंबंधी वकिलांच्या नोटिसा, नावातील बदल, नोकरी, भाड्याच्या जागा इत्यादी.

व्यापारी जाहिराती: दुकाने, शिकवण्या, रुग्णालये, बांधकाम व्यावसायिक यांच्या जाहिराती. यांतील बराच भाग अलीकडे समाजमाध्यमांकडे वळला आहे.

वर्गणी आणि अंकविक्री: छापील अंकाची किंमत सहसा कागद व छपाईच्या खर्चापेक्षा कमी ठेवली जाते. त्यामुळे केवळ खप वाढल्याने तोटा कमी होतोच असे नाही.

अनेक ठिकाणी अंशकालीन वार्ताहराला अल्प मानधन मिळते आणि त्याने जाहिराती आणून त्यावरील दलाली घ्यावी अशी अपेक्षा असते. बातमी लिहिणारा आणि जाहिरात मागणारा एकच असल्यामुळे हितसंबंधांचा संघर्ष निर्माण होतो. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीनंतर पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचा प्रश्न देशभर चर्चेत आला. भारतीय वृत्तपत्र परिषदेच्या उपसमितीने त्याचा अभ्यास केला आणि परिषदेने २०१० मध्ये आपला अहवाल स्वीकारला. हा प्रश्न व्यक्तिगत नीतिमत्तेचा आहे, तसाच तो संस्थेच्या उत्पन्नाच्या रचनेचाही आहे, ही जाणीव वृत्तउद्योजकता प्रशिक्षणाच्या मुळाशी आहे.

प्रशिक्षणाचा उगम आणि प्रसार

न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीमध्ये २०१० साली टो-नाइट सेंटर फॉर आंत्रप्रेन्युरिअल जर्नालिझम हे केंद्र स्थापन झाले. माध्यम अभ्यासक जेफ जार्व्हिस यांच्या पुढाकाराने तेथे पत्रकारांना व्यवसाय उभारणीचे शिक्षण देण्यात येऊ लागले. २०१२ मध्ये अमेरिकेत स्वतंत्र स्थानिक ऑनलाइन प्रकाशकांची लायन पब्लिशर्स ही संघटना स्थापन झाली. कार्यक्षम संस्थाबांधणी, आर्थिक आरोग्य आणि पत्रकारितेचा परिणाम या तीन कसोट्यांवर ही संघटना सदस्य संस्थांची टिकाऊपणाची क्षमता तपासते.

भारतात ऑक्टोबर २०२० मध्ये डिजिटल वृत्तसंस्थांची डिजिपब न्यूज इंडिया फाउंडेशन ही संघटना स्थापन झाली. २०२१-२२ मध्ये गूगल न्यूज इनिशिएटिव्हने इकोज ही नवोपक्रम संस्था आणि डिजिपब यांच्या सहकार्याने स्टार्टअप्स लॅब इंडिया हा १६ आठवड्यांचा कार्यक्रम घेतला. स्थानिक किंवा एखाद्याच विषयाला वाहिलेल्या स्वतंत्र वृत्तसंस्थांना आर्थिक आणि व्यवस्थापकीय स्थैर्य मिळवून देणे हे त्याचे उद्दिष्ट होते.

ग्रामीण भागात 'खबर लहरिया' हे उदाहरण महत्त्वाचे आहे. उत्तर प्रदेशातील चित्रकूट येथे २००२ मध्ये महिलांनी चालवलेले छापील पत्र म्हणून सुरू झालेला हा उपक्रम पुढे डिजिटल झाला. त्याच्याशी संलग्न चंबळ अकादमी ग्रामीण तरुणींना मोबाइलवरील पत्रकारितेचे प्रशिक्षण देते. महाराष्ट्रात सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे माणदेशी फाउंडेशन महिलांसाठी उद्योजकता शिक्षण चालवते आणि २००८ पासून तेथे माणदेशी तरंग हे सामुदायिक रेडिओ केंद्रही आहे. उद्योजकता शिक्षण आणि स्थानिक माध्यम एकाच संस्थेच्या छत्राखाली असण्याचे हे राज्यातील एक उदाहरण होय. सर्वसाधारण उद्योजकता प्रशिक्षणासाठी राज्यात १९८८ पासून महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र कार्यरत आहे.

प्रशिक्षणातील विषय

अभ्यासक्रमांची रचना वेगवेगळी असली, तरी पुढील विषय बहुतेक ठिकाणी आढळतात.

वाचकशोध: प्रकाशन सुरू करण्यापूर्वी किंवा नवी सेवा देण्यापूर्वी वाचकांशी प्रत्यक्ष बोलून त्यांना कोणत्या माहितीची रोज गरज भासते हे जाणून घेणे. 'बातम्या आवडतात का' असे विचारण्याऐवजी 'पाणी येणार नाही हे गेल्या वेळी कोठून कळले' असा नेमका प्रश्न विचारण्यास शिकवले जाते.

खर्चाचा हिशेब: एका अंकाचा, एका बातमीचा किंवा एका चित्रफितीचा प्रत्यक्ष खर्च काढणे. चालक स्वतःच्या श्रमाचे मोल बहुधा धरत नाहीत; त्यामुळे तोट्यातील संस्था नफ्यात असल्याचा भास होतो.

उत्पन्नाचे मिश्रण: कोणत्याही एका स्रोतावरील अवलंबित्व किती आहे हे मोजणे आणि ते टप्प्याटप्प्याने घटवणे.

सदस्यत्व: वर्गणीदार अंकाची किंमत देतो, तर सदस्य संस्था टिकावी म्हणून पैसे देतो. सदस्यत्व योजनेत बातम्या सर्वांसाठी खुल्या ठेवता येतात.

संपादकीय स्वातंत्र्य: जाहिरात आणि बातमी यांची जबाबदारी वेगळ्या व्यक्तींकडे देणे, प्रायोजित मजकुरावर तशी स्पष्ट नोंद करणे, मोठ्या देणगीदारांची नावे जाहीर करणे.

रोख रकमेचे नियोजन: थकीत देयके गृहीत धरून किमान काही महिन्यांचा खर्च राखीव ठेवणे.

कायदेशीर चौकट

छापील नियतकालिकांची नोंदणी पूर्वी १८६७ च्या कायद्यानुसार होत असे. त्याच्या जागी आलेला प्रेस आणि नियतकालिक नोंदणी कायदा, २०२३ हा १ मार्च २०२४ पासून लागू झाला असून नोंदणीची प्रक्रिया ऑनलाइन करण्यात आली आहे. डिजिटल वृत्तप्रकाशकांसाठी माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१ मध्ये आचारसंहिता आणि त्रिस्तरीय तक्रार निवारण व्यवस्था यांची तरतूद करण्यात आली.

संस्था एकल मालकी, भागीदारी, खासगी मर्यादित कंपनी, विश्वस्त संस्था किंवा कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ८ खालील ना-नफा कंपनी अशा विविध रूपांत चालवता येते. रूप कोणते निवडले यावर देणगी, गुंतवणूक आणि कर यांचे नियम ठरतात. डिजिटल वृत्तमाध्यमांत परकीय गुंतवणुकीला सरकारच्या मंजुरीने २६ टक्क्यांपर्यंत मुभा आहे. छापील माध्यमातील जाहिरात-जागेच्या विक्रीवर ५ टक्के, तर डिजिटल जाहिरातींवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आकारला जातो. छापील पत्राकडून संकेतस्थळाकडे वळणाऱ्या संस्थांना हा फरक दरपत्रक ठरवताना विचारात घ्यावा लागतो. पत्रकारांवरील हल्ल्यांच्या संदर्भात महाराष्ट्र विधिमंडळाने २०१७ मध्ये स्वतंत्र संरक्षण कायदा संमत केला आहे.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर

शहरांचे स्वरूप

मध्य रेल्वेच्या कल्याण–कर्जत मार्गावर ही तीन शहरे एकापाठोपाठ येतात. उल्हासनगर हे फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या वसाहतीतून वाढले. कल्याणजवळील लष्करी छावणीच्या जागेवरील या वसाहतीला ८ ऑगस्ट १९४९ रोजी उल्हासनगर हे नाव मिळाले. १९९६ मध्ये तेथे महानगरपालिका स्थापन झाली. जीन्सचे कपडे आणि फर्निचर यांच्या व्यापारासाठी हे शहर ओळखले जाते. अंबरनाथ येथे शिलाहारकालीन शिवमंदिर, आयुध निर्माणी आणि औद्योगिक वसाहती आहेत. बदलापूरचा कारभार कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेकडे असून मुंबईला नोकरीसाठी जाणाऱ्यांचे निवासी शहर म्हणून ते झपाट्याने वाढले.

२०११ च्या जनगणनेनुसार उल्हासनगरची लोकसंख्या ५,०६,०९८, अंबरनाथची २,५३,४७५ आणि कुळगाव-बदलापूरची १,७४,२२६ होती. म्हणजे तीन शहरांत मिळून सुमारे ९ लाख ३४ हजार लोक राहत होते.

स्थानिक बातमीची गरज

या भागातील अनेक प्रश्न तिन्ही शहरांना जोडणारे आहेत. अंबरनाथ परिसरात उगम पावणारी वालधुनी नदी उल्हासनगरमधून वाहत जाऊन कल्याणजवळ उल्हास नदीला मिळते. तिच्या प्रदूषणाचा प्रश्न न्यायालये आणि हरित लवादापर्यंत गेला. २०१४ मध्ये नदीपात्रात रसायन सोडल्यामुळे पसरलेल्या वायूचा उल्हासनगरमधील अनेक रहिवाशांना त्रास झाला. उल्हासनगरमधील अनधिकृत इमारतींसाठी २००६ मध्ये राज्य सरकारला स्वतंत्र नियमितीकरण कायदा करावा लागला. मे २०२१ मध्ये तेथे इमारतींचे स्लॅब कोसळून जीवितहानी झाली. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरामुळे बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली आणि एक हजारांहून अधिक प्रवाशांची सुटका करावी लागली. ऑगस्ट २०२४ मध्ये शाळेतील दोन लहान मुलींवरील अत्याचाराच्या प्रकरणात गुन्हा नोंदवण्यास विलंब झाल्याच्या आरोपावरून बदलापूर स्थानकात २० ऑगस्टला अनेक तास रेल्वे रोखण्यात आली. मुंबई उच्च न्यायालयाने या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली.

अशा घटना घडल्यानंतर मुंबईतील वृत्तवाहिन्या आणि दैनिके त्यांची दखल घेतात. परंतु इमारतीला दिलेली नोटीस, नाल्याची सफाई, पूररेषेतील बांधकाम परवानगी किंवा पोलीस ठाण्यातील दैनंदिन कामकाज यांवर घटनेपूर्वी लक्ष ठेवणे हे काम सातत्याने तेथेच असणाऱ्या वार्ताहरालाच करता येते. अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर नगरपरिषदांची २०१५ मध्ये निवडून आलेली सभागृहे २०२० मध्ये मुदत संपल्याने विसर्जित झाली. उल्हासनगर महानगरपालिकेच्या सभागृहाची मुदत २०२२ मध्ये संपली. त्यानंतर दीर्घकाळ कारभार प्रशासकांकडे राहिला. सर्वसाधारण सभेतील प्रश्नोत्तरे थांबल्याने नागरिकांना माहिती मिळण्याचा एक नेहमीचा मार्ग बंद झाला आणि स्थानिक वृत्तसंस्थांची जबाबदारी त्या प्रमाणात वाढली.

वाचक आणि भाषा

येथील वाचक एकभाषिक नाही. बदलापूर आणि अंबरनाथमध्ये मराठी वाचकवर्ग मोठा आहे, तर उल्हासनगरमध्ये सिंधी आणि हिंदी यांचेही महत्त्व आहे. सिंधीचा १९६७ मध्ये राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत समावेश झाला. ती अरबी-फारसी धाटणीच्या लिपीत तसेच देवनागरीत लिहिली जाते. जुन्या पिढीची लिपी आणि नव्या पिढीची लिपी वेगळी असल्याने कोणत्या मजकुरासाठी कोणती भाषा व लिपी निवडावी आणि ध्वनिफितीचा वापर कोठे करावा, हा येथील वृत्तउद्योजकापुढील व्यावसायिक प्रश्न ठरतो. रोज लोकलने प्रवास करणाऱ्या वाचकासाठी बातमी देण्याची वेळ, म्हणजे सकाळी घर सोडण्यापूर्वी की संध्याकाळच्या परतीच्या प्रवासात, हाही निर्णय त्याच प्रकारचा आहे.

उदाहरणादाखल अंदाजपत्रक

प्रशिक्षणात शिकवली जाणारी हिशेबाची पद्धत पुढील काल्पनिक उदाहरणावरून स्पष्ट होते. तिन्ही शहरांसाठी संपादक, दोन वार्ताहर आणि जाहिरात व हिशेब पाहणारी एक व्यक्ती अशी चौघांची डिजिटल वृत्तसंस्था असून तिचा मासिक खर्च १,२०,००० रुपये, म्हणजे वार्षिक १४,४०,००० रुपये आहे असे मानू. वर्षाला ३०० रुपये देणारे २,००० सदस्य मिळाल्यास ६,००,००० रुपये जमा होतील. दरमहा १,००० रुपये देणाऱ्या ४० दुकानदार व व्यावसायिकांकडून वर्षाला ४,८०,००० रुपये येतील. उरलेले ३,६०,००० रुपये छोट्या जाहिराती, दिवाळी अंक आणि कार्यक्रम यांतून उभे करावे लागतील.

२०११ ची लोकसंख्या धरली तरी २,००० सदस्य म्हणजे दर हजार रहिवाशांमागे सुमारे दोघे होतात. ४० व्यावसायिकांपैकी एकाने नाराज होऊन जाहिरात थांबवली, तर वार्षिक उत्पन्नात एक टक्क्याहूनही कमी घट होते. याउलट निम्मे उत्पन्न एकाच जाहिरातदाराकडून येत असेल, तर त्याच्याविषयीची एक बातमी संस्था बंद पाडू शकते. या हिशेबाची दुसरी बाजूही आहे. ३० टक्के सदस्यांनी नूतनीकरण केले नाही, तर वर्षाला ६०० सदस्य कमी होतात आणि तेवढीच संख्या राखण्यासाठी दरमहा ५० नवे सदस्य मिळवावे लागतात. त्यामुळे सदस्यत्व ही एकदा राबवण्याची मोहीम नसून वर्षभराचे काम ठरते.

टीका आणि मर्यादा

अशा प्रशिक्षणावर अनेक आक्षेप घेतले जातात. पहिला आक्षेप प्रायोजकांविषयी आहे. ज्या मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांकडे जाहिरातींचे उत्पन्न वळले, त्यांनीच वृत्तसंस्थांना स्वावलंबन शिकवावे यात विसंगती असल्याचे टीकाकारांचे म्हणणे आहे. भारतात डिजिटल न्यूज पब्लिशर्स असोसिएशनच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये गूगलविरुद्ध चौकशीचा आदेश दिला. ऑस्ट्रेलियाने २०२१ मध्ये कायदा करून अशा कंपन्यांना वृत्तसंस्थांशी मोबदल्याविषयी वाटाघाटी करण्यास भाग पाडले. प्रशिक्षणापेक्षा अशा धोरणात्मक उपायांची गरज अधिक आहे, असे मत त्यामुळे मांडले जाते.

दुसरा आक्षेप भाषेचा आहे. प्रशिक्षणाचे बरेचसे साहित्य इंग्रजीत असते आणि त्यातील उदाहरणे अमेरिका किंवा युरोपमधील असतात. तालुक्याच्या गावी अंशकालीन वार्ताहर म्हणून काम करणाऱ्याला त्याचा उपयोग मर्यादित होतो. भांडवल आणि ओळखी असलेल्यांनाच उद्योजक होणे सोपे जाते, त्यामुळे महिला, दलित आणि आदिवासी पत्रकार मागे राहण्याची शक्यता असते.

तिसरी मर्यादा बाजाराची आहे. सर्व स्थानिक बातम्यांचा खर्च वाचक आणि जाहिरातदार उचलू शकत नाहीत. पाणीपुरवठ्याच्या वेळापत्रकासाठी सदस्य मिळतात. अनधिकृत बांधकामाच्या अनेक महिने चालणाऱ्या शोधबातमीसाठी ते मिळतीलच असे नाही. म्हणूनच काही अभ्यासक व्यावसायिक उत्पन्नाच्या जोडीला विश्वस्त निधी, सहकारी मालकी आणि शासकीय जाहिरातींचे पारदर्शक वाटप यांचा पुरस्कार करतात.

हे सुद्धा पहा

मराठी वृत्तपत्रांचा इतिहास
दर्पण (वृत्तपत्र)
नानासाहेब परुळेकर
सामुदायिक रेडिओ
उल्हासनगर महानगरपालिका
वालधुनी नदी